नदीपलीकडे नेलेली गोष्ट

शिरूर
४ फेब्रुवारी २०२५

सुलू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. निमित्त स्नेहलचं आहे. तुझ्या लेकीचा परवा मेसेज आला. कॉलेजच्या अंकात तिची कथा छापून आली आणि आता पुढची सुचत नाहीये. 'मामा, तुम्हाला दर आठवड्याला कसं सुचतं? बावीस वर्षांत एक रविवार चुकला नाही, ते कसं काय?' असं तिनं विचारलंय. मोबाईलवर एवढं उत्तर टाइप करणं मला होत नाही. हे पत्र वाचून तिला दे. न वाचता दिलंस तरी चालेल.

तिला सांग, सुचायची वाट मी कधी बघितली नाही. पेपरचा तालुका वार्ताहर होतो तेव्हा संध्याकाळी सहाला बातमी पुण्याला जायचीच, मग दिवसभर काही घडो न घडो. ती सवय अजून आहे. पहाटे पाचला चहा करून खुर्चीत बसतो आणि पाचशे शब्द झाल्याशिवाय उठत नाही. दार वाजलं, फोन वाजला, दूध उतू गेलं, तरी उठत नाही. तुझ्या वहिनीनं पहिली दोन वर्षं कटकट केली, मग सोडून दिलं. रविवारची कथा गुरुवारी दुपारी तीनच्या आत पाठवायची असते. पहाटेचं राहिलं तर गुरुवारी दुपारी बसावं लागतं, पण नियम तोच.

गोष्टी मला एस.टी.त मिळतात. दर सोमवारी मी काही काम नसताना प्रवास करतो. कधी मांडवगणला, कधी इनामगावला, कधी पारगावचा पूल ओलांडून चौफुल्यापर्यंत आणि परत. खिशात कागदाचे तुकडे असतात. एका तुकड्यावर एकच गोष्ट लिहायची आणि वर गावाचं नाव. 'न्हावरा. कंपनीच्या बसमधला बिहारी पोरगा सुपरवायझरच्या मराठी शिव्या वहीत उतरवून घेतो.' 'इनामगाव. खोदकामाची जागा बघायला आलेल्या विद्यार्थिनीला म्हातारी विचारते, आमच्या गावच्या मढ्यांत काय बघती गं?' असे तुकडे चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. शुक्रवारी न बघता दोन काढतो. एकातला माणूस आणि दुसऱ्यातली जागा. दोन्ही जुळले की निम्मी कथा झाली.

आणि एक नियम तिला पक्का करायला सांग. आपल्या गावातलं आपल्या गावात लिहायचं नाही. शिरूरकडची गोष्ट मी भीमा ओलांडून दौंडकडं नेतो, दौंडकडची इकडं आणतो. पुरुषाची बाई करतो, पीक बदलतो, वय दहा वर्षांनी हलवतो. बावीस वर्षांत कुणी 'ही माझी गोष्ट' म्हणत दारात आलं नाही.

काल आलं. दौंडकडच्या खुटबावहून एक बाई आल्या होत्या, चांगुणाबाई म्हणून. १२ जानेवारीची कथा त्यांच्यावर आहे असं त्यांचं म्हणणं. मी समजूत काढून पाठवलं. असं कधीतरी व्हायचंच.

आईच्या तेराव्यापासून तू शिरूरला आली नाहीस. सणाला फोन तरी यायचे. त्या १२ जानेवारीनंतर तेही बंद झाले. का, ते मी विचारत नाही.

दादा


शिरूर
११ फेब्रुवारी २०२५

सुलू,

स्नेहलनं कळवलं की पत्र पोचलं, पाकीट फोडलेलं होतं आणि तिच्या हातात पडलं तेव्हा त्यावर चहाचा डाग होता. म्हणजे तू वाचलंस असं मी धरतो.

मागच्या पत्रात चांगुणाबाईंचं मी दोन ओळींत उरकलं. ते तसं नव्हतं.

त्या सकाळी साडेसहाला आल्या होत्या, पहिल्या गाडीनं. माझे तेव्हा तीनशे शब्द झाले होते. तुझ्या वहिनीनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, आत येऊन मला सांगितलं. मी हातानं थांब अशी खूण केली. पाऊण तास त्या बसून होत्या. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रण काढून मांडीवर ठेवलेलं होतं. पन्नाशीच्या असतील. रडारड नाही, आवाज चढवणं नाही.

"तुमीच का ह्ये ल्ह्यनारं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"माझं आंगन तुमाला कुनी दावलं?"

तू कथा वाचली नसशील म्हणून सांगतो. तिच्यातली सून दुपारी अंगणात कांदा निवडत बसलेली असते. टेम्पो यायच्या आत ढीग संपवायचा असतो. आत खाटेवर सासू आहे, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. ती तीनदा हाक मारते, 'ऊन आलं गं तोंडावर.' सून ऐकते आणि उठत नाही. एवढा ढीग होऊ दे, मग जाते, असं म्हणते. ढीग संपवून आत जाते तेव्हा सासू गेलेली असते.

चांगुणाबाईंच्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. गेल्या मार्चमध्ये वारल्या. त्या वेळी चांगुणाबाई बाहेर कांदाच निवडत होत्या.

मी त्यांना म्हणालो, बाई, योगायोग आहे, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "वळखत नसाल. पर लिंब माझा हाय. निळी टाकी माझी हाय. घरामागनं रेल्वे जाती, ती बी माझ्याच घरामागनं. मग त्या बाईनं क्येलं ते बी माझंच झालं की."

त्या गेल्यावर डबा ओतला. वापरलेले तुकडे मी पुन्हा डब्यातच ठेवतो. सापडला. 'खुटबाव, जाने. २४. अंगणात कांद्याचा ढीग. लिंब. निळी टाकी. दाराकडं पाठ करून बाई निवडत बसलीय. उघड्या दारातून खाटेचा पाय दिसतो.' स्टेशनकडून चालत येताना रस्त्यावरून पाहिलं होतं. थांबलोही नव्हतो. त्या खाटेवर कोण आहे, जिवंत आहे की नाही, हे वर्षभरानं कथा लिहिताना माझ्या मनातही आलं नाही.

गाव ओळखायला एवढं पुरलं. त्यांच्या मोठ्या नणंदेनं, रंगुबाईंनी, मांडवगण फराट्याला नातवाकडून कथा मोठ्यानं वाचून घेतली आणि म्हणाल्या की कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय असं छापून येत नाही. वर्षश्राद्ध खुटबावला घालणार नाहीत, आईचा फोटो घेऊन जाऊन मांडवगणला घालणार आहेत. आणि भिमाजी, चांगुणाबाईंचा नवरा, तो बायकोनं वाढलेलं जेवतो, पण महिनाभर तिच्याशी बोललेला नाही.

"हाकच न्हाई मारली हो त्यांनी," चांगुणाबाई मला सांगत होत्या. "मारली आसती तर मी उठली नसती व्हय?"

मी म्हणालो, पुढच्या अंकात खुलासा छापतो. कथेतली माणसं काल्पनिक आहेत, असा.

दादा


शिरूर
२४ फेब्रुवारी २०२५

सुलू,

खुलासा १६ तारखेला छापून आला, चौकटीत. त्यानं जास्तच बिघडलं. रंगुबाई म्हणाल्या म्हणे, काही नव्हतंच तर खुलासा कशाला छापला. चांगुणाबाईंनी फोनवर सांगितलं. माझ्यावर चिडल्या नाहीत. एवढंच विचारलं की माझं नव्हतं तर कुणाचं होतं, त्याचं नाव सांगा. मी म्हणालो, ते सांगता येत नाही. "मंग माझं नाव तरी कसं चाललं तुमाला?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठवडाभर मी तुला पत्र लिहून फाडतोय. एका पत्रात लिहिलं की ही गोष्ट मी बसमध्ये ऐकली. दुसऱ्यात लिहिलं की एका मित्राची आहे. दोन्ही पत्रं चांगली उतरली होती.

आईला पक्षाघात होऊन आठ महिने झाले होते. तुझी वहिनी माहेरच्या लग्नाला गेली. तू गाडी घेऊन आलीस, आठ दिवस आईला दौंडला नेते म्हणालीस. मी नको म्हणालो. मी तर दिवसभर घरीच असतो की, असं म्हणालो. जाताना तू सांगितलंस की दुपारी दोननंतर पश्चिमेच्या खिडकीतून तिच्या तोंडावर ऊन येतं, खाट फिरवून घे. मी हो म्हणालो. खाट फिरवली नाही. रोज वाटायचं, उद्या फिरवू.

१६ फेब्रुवारी २०२३ हा गुरुवार होता. कथा अडली होती. दुपारी दोनला साडेतीनशे शब्द बाकी होते. आई मागच्या खोलीत, मधलं दार उघडं. तिनं हाक मारली. 'जया, ऊन आलं रे तोंडावर.' मला स्पष्ट ऐकू आलं. मी ओरडून म्हणालोसुद्धा, 'आलो, आई.' आणि बसून राहिलो. ऊन काही मारत नाही, असं मनात म्हणालो. ते शब्द अजून तसेच आठवतात. नंतर हाका थांबल्या तेव्हा मला बरं वाटलं. झोप लागली असेल, असं वाटलं.

शेवटचा परिच्छेद करून मी तीनला पाच कमी असताना उठलो. आत गेलो. ऊन तिच्या तोंडावर होतं आणि डोळे उघडे होते.

मी खिडकी लावली. मग बाहेर येऊन आधी कथा पाठवली. मग तुला फोन केला.

तू आलीस तेव्हा विचारलंस, 'हाक नव्हती मारली का रे तिनं?' मी म्हणालो, झोपेत गेली. तुझा विश्वास बसला नाही हे मला दिसलं होतं. पण तू भांडली नाहीस, घरी निघून गेलीस. भांडली असतीस तर मी तेव्हाच बोललो असतो असं मी स्वतःला सांगत आलोय. तेही खरं नसेल.

पुढं जवळजवळ दोन वर्षांनी एका शुक्रवारी डब्यातून खुटबावचा तुकडा हातात आला. जागा मिळाली होती. माणूस माझ्याजवळ होताच. नियमाप्रमाणं मुलाची सून केली, लिहिण्याचं कांदा निवडणं केलं, तीनच्या मुदतीऐवजी टेम्पो आणला. आईची हाक मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण त्याहून चांगली सुचली नाही. दोन दिवसांत कथा पूर्ण झाली. एवढी सहज लिहून झालेली कथा बऱ्याच वर्षांत नव्हती. बरं वाटलं मला, सुलू. लिहून मोकळा झालो असं वाटलं.

तू त्या रविवारी ती हाक वाचलीस, म्हणून फोन बंद झाले. हे मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे.

जयसिंग


शिरूर
८ मार्च २०२५

सुलू,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो.

परवा खुटबावला गेलो होतो. चांगुणाबाईंनी मांडवगणहून रंगुबाईंना बोलावून घेतलं होतं. भिमाजी होता. लिंबाखाली बाजेवर बसवलं मला. निळ्या टाकीकडं माझ्यानं बघवेना. पाणी आलं, चहा आला, आणि मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, क्रमानं. गुरुवार, खिडकी, आई, मुदत. काही वगळलं नाही. आधी कथा पाठवली हेही सांगितलं.

रंगुबाई सत्तरीला आलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, कारखान्याच्या निवडणुकीत अख्खं घर हाकणाऱ्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भिमाजीला म्हणाल्या, "लई झ्याक सांगत्यात रं. रेडूवर लावल्यावानी."

मी म्हणालो, खरं आहे हे.

"आसंल की. तुमचं पोट हाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "पर पोटच्या लेकानं आईची हाक ऐकून न ऐकल्यावानी क्येलं, आसं कुनी चारचौघांत कबूल करतं व्हय? हिनं तुमच्या पाया पडून बोलवून आनलंय. तुमाला दया आली, तुमी जुळवलं. तुमी तरी काय, रोजचंच काम हाय तुमचं."

भिमाजी जमिनीकडं बघत होता. चांगुणाबाई अंगणातल्या चुलीपुढं पाठ करून उभ्या होत्या. मला रागही आला नाही. रंगुबाईंच्या जागी मी असतो तर माझाही विश्वास बसला नसता. मी ते फारच नीट सांगितलं होतं. कुठं थांबायचं, आईची हाक कधी आणायची, हे सगळं मला सांगतासांगता कळत होतं आणि मी ते करत होतो.

म्हणून मागणं आहे. वर्षश्राद्ध वीस मार्चला आहे, गुरुवारी. चांगुणाबाईंनी खुटबावलाच तयारी ठेवलीय. रंगुबाईंनी त्या दिवशी फक्त फोटो न्यायला येईन म्हणून सांगितलंय. त्या आल्या आणि फोटो घेऊन गेल्या की तो विषय कायमचा संपला. मग चांगुणाबाई त्या गावात आयुष्यभर सासूला मारलेली बाई.

माझ्या तोंडून ते खरं होत नाही. तुझ्या तोंडून होईल. तू माझी बाजू घेऊ नकोस. तिथं येऊन फक्त सांग की ती हाक आपल्या आईची होती आणि हा माणूस तेव्हा घरात होता. माफी मी मागत नाही. ती मागितली तर हे पत्र माझ्यासाठी लिहिल्यासारखं होईल. हे त्या बाईसाठी आहे.

दौंडहून खुटबाव तासाभराचंही नाही.

जयसिंग


शिरूर
२१ मार्च २०२५

सुलू,

काल तू आलीस. स्नेहल तुझ्या मागं होती. मी मांडवात पुरुषांत बसलो होतो. तू माझ्यासमोरून गेलीस आणि सरळ आत बायकांत जाऊन बसलीस.

आतलं मला खिडकीतून ऐकू येत होतं. रंगुबाईंनी तुला कोण, कुठली विचारलं. तू नाव सांगितलंस, 'मी त्या लेखकाची बहीण' म्हणालीस. मला वाटलं होतं तू आईबद्दल बोलशील. तू उलट त्यांना विचारलंस की तुमच्या आईची खाट कुठं होती. त्यांनी दाखवली. मग तुझा आवाज आला.

"मावशी, हिकडं तर भिंत हाय. मावळतीला खिडकीच न्हाई. तुमच्या आईच्या तोंडावर ऊन येनार कुठनं?"

रंगुबाईंच्या बांगड्या वाजल्या, उठून त्या भिंतीपाशी गेल्या असाव्यात.

"ती खिडकी आमच्या घरात हाय," तू म्हणालीस. "आन् ती हाक आमच्या आईची. माझ्या भावानं ऐकली आन् तो उठला न्हाई. मी दोन वर्सं त्याच्या घरी जात न्हाई, त्ये उगं न्हाई."

तू घरची भाषा बोललीस. दौंडला जाऊन तीस वर्षं झाली, मला वाटलं होतं विसरली असशील.

मला महिनाभर ती भिंत सुचली नव्हती. मी त्या घराच्या आत कधी गेलोच नव्हतो.

पानं मांडली गेली. फोटो जागेवरच राहिला. रंगुबाईंनी माफीबिफी काही म्हटलं नाही, त्या तशा नाहीत. पहिल्या पंगतीला बसताना म्हणाल्या, "चांगुणे, वाढ गं. भात आदी मला." भिमाजी पाण्याची बादली घेऊन फिरत होता. तो बायकोजवळ थांबला आणि काहीतरी विचारलं. मीठ कुठं आहे, असलंच काहीतरी. तिनं बोटानं दाखवलं.

मी निघताना चांगुणाबाई अंगणाच्या कडेपर्यंत आल्या. हात जोडावेत की नाही ते मला कळेना. त्या म्हणाल्या, "तुमाला सोताचं आंगन न्हाई व्हय?" उत्तराला थांबल्या नाहीत.

काल गुरुवार होता. कथा गेली नाही. संपादकांचे तीन फोन आले, मग त्यांनी जुनीच एखादी घालतो म्हणून कळवलं. स्नेहलला सांग, मामानं सांगितलेलं सगळं तसंच्या तसं घेऊ नकोस. त्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं ते मला आता सांगता येत नाही.

गाडीत बसण्यापूर्वी तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस. समोरासमोर असं दोन वर्षांत पहिलं. 'किती वेळा हाक मारली तिनं?'

मी म्हणालो, तीन वेळा. तू मान हलवलीस आणि दार ओढून घेतलंस.

रात्रभर तेच डोक्यात आहे, म्हणून आज पहाटे पाचला लिहितोय. तीन हाका कथेतल्या आहेत. दोन थोड्या वाटतात, चार वाचणाऱ्याला लांबतात, म्हणून मी तीन लिहिल्या होत्या. तू विचारलंस तेव्हा तोंडातून तोच आकडा आला.

सहा होत्या, सुलू. पहिल्या चार हाकांत माझं नाव होतं. नंतरच्या दोन वेळा ती तुला हाक मारत होती.

जयसिंग